साठावर थांबलेला काटा

काकांनी उभ्या आयुष्यात गाडी साठाच्या पुढे नेली नव्हती, आणि हे ते अशा थाटात सांगत की ऐकणाऱ्याला आपल्या आजवरच्या धावपळीची लाज वाटावी. कारण विचारलं तर म्हणत, "रोपांना वारा लागतो." बस, एवढंच. काकांची रोपवाटिका होती, शाळेच्या मागच्या भिंतीला लागून, आणि रोपं पोहोचवायला वडिलांच्या वेळची निळी पिकअप होती. मागच्या हौद्यात रोपं उभी असली की त्यांचे शेंडे आरशात दिसत. पानं नुसती हलत असली तर ठीक. ती पालथी होऊन पाठची फिकी बाजू दाखवायला लागली की वेग जास्त झाला असं समजायचं. हा नियम काकांच्या वडिलांनी घालून दिला होता. हौदा रिकामा असतानाही तो पाळायचा, ही भर मात्र काकांची स्वतःची.

काकूंना त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. त्यांचं शिवणकाम होतं, पडदे, गाद्यांच्या खोळी, खुर्च्यांची कव्हरं, आणि तयार माल त्याच पिकअपमधून जाई. पडद्यांना वाऱ्याचं काही पडलेलं नसतं, तरी वेग तोच. वेगाचा काटा डॅशबोर्डच्या बरोबर मधोमध, बशीएवढ्या गोल तबकडीत होता. त्यामुळे तो जितका चालवणाऱ्याचा, तितकाच शेजारी बसणाऱ्याचाही होता. संसारात दोघांनी मिळून बघायच्या ज्या थोड्या गोष्टी होत्या त्यांत हा काटा वरच्या क्रमांकावर होता.

लेक लांबच्या शहरात नोकरीला होती. तिथेच तिनं लग्न केलं आणि छोटंसं घर घेतलं. काका-काकू जुन्या रस्त्यानं तिच्याकडे जात. सकाळी निघायचं, वाटेत झाडाखाली डबा खायचा, आणि उन्हं कलता कलता पोहोचायचं. मग एक दिवस त्या रस्त्यावरचा पूल धोक्याचा ठरला. पुलाच्या तोंडाशी कमरेएवढी भिंत घातली गेली आणि लेकीकडे जायला राहिला तो फक्त हायवे.

हायवेवर ते एकदाच गेले. त्या दिवसाबद्दल नंतर घरात कुणी ब्र काढला नाही, म्हणून तो इथे सांगून टाकलेला बरा. चढणीच्या रस्त्यानं पिकअप वर आली, आणि मागून असा एक टँकर लागला की आरशात त्याचं तोंड सोडून दुसरं काही दिसेना. त्यानं हॉर्न दिला. काकांनी पाय दाबला. काटा पहिल्यांदाच साठाच्या रेघेवर पोचला आणि समोरचं सगळं थरथरायला लागलं. इंजिन ओरडत होतं, दारं खडखडत होती, पाण्याची बाटली सीटवरून पायाशी पडली. काकूंनी शेजारी पाहिलं तर काकांचे दोन्ही हात मनगटापासून कापत होते. इतक्या वर्षांत काकूंनी ते हात कापताना कधी पाहिले नव्हते. काकांनी गाडी कडेला घेतली. दोघं पाणी प्याले. काका म्हणाले, "कलमांना पाणी घालायचं राहिलं." काकू म्हणाल्या, "हो का? मग परत जाऊ या." पहिल्याच वळणावर उतरून ते घरी आले आणि काकांनी कलमांना पाणी घातलं. ती आधीच ओली होती.

नवऱ्याला हायवेची भीती बसलीय, हे काकूंना त्या दिवशी कळलं. आणि हेही कळलं की आपल्याला ते कळलंय, हे काकांना कधीही कळू द्यायचं नाही. तेव्हापासून वर्ष गेलं. कधी बुरशी पडली, कधी कुणी मोठं गिऱ्हाईक येणार होतं ते आलंच नाही. काकांची कारणं संपली की काकू शाळेच्या सभागृहाचे पडदे पुढे करत. तेवढे पडदे शिवले असते तर शाळेला आणखी एक सभागृह बांधावं लागलं असतं.

बसनं का गेले नाहीत, असं कुणी विचारेल. बसनं न जाण्याचं कारण मागच्या अंगणात उभं होतं. लेक शाळेत असताना काकांनी रंगाच्या रिकाम्या डब्यात एक लिंबाची बी लावली होती. तिची आता चांगली पुरुषभर उंच लिंबोणी झाली होती आणि अर्ध्या कापलेल्या पिंपात राहत होती. लेकीनं घर घेतलं तेव्हा काका म्हणाले होते, "तुझ्या अंगणात हीच लागेल. मी येईन तो ही घेऊनच येईन." पिंपासकट लिंबोणीला बसमध्ये कोण घेणार? काकू एकट्या गेल्या असत्या, नाही असं नाही. पण मग बाबा का आले नाहीत, हे दारातच सांगावं लागलं असतं.

शेवटी एका दुपारी लेकीचा फोन आला. काकू फोन स्पीकरवर टाकून काज करत होत्या आणि काका उंबऱ्यात बसून माती चाळत होते. लेक म्हणाली, "आई, लिंबोणीचं राहू दे आता. इथं कोपऱ्यावर एक रोपवाला बसतो. त्याच्याकडूनच घेते एखादी."

काकांची चाळणी थांबली. "कोपऱ्यावर," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "बसतो." रोपवाटिकेतल्या माणसाला याहून मोठा टोला त्याची पोटची पोरगी देऊच शकत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. ते उठले, हात धुतले आणि बाहेर जाऊन पिकअपचं बोनेट उघडून नुसते बघत उभे राहिले.

पुढचं त्यांनी ऐकलं नाही. काकूंनी फोन कानाला लावून आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं तेव्हा लेकीचा आवाज उतरला होता. "आई, खरं सांग. बाबा माझ्यावर रागावलेत का? मी रोपवाटिका बघायला थांबले नाही म्हणून?"

"नाही गं, काहीतरीच काय."

"मग येत का नाहीत?"

काकूंना खरं कारण माहीत होतं, आणि ते सांगणं म्हणजे त्या माणसाला उघडं पाडणं होतं. त्या म्हणाल्या, "येतील. गाडीचं काम काढलंय." गाडीचं काम कुणीच काढलेलं नव्हतं. फोन ठेवल्यावर हातातलं काज काकूंनी तीनदा उसवलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी काका खरंच पिकअप घेऊन गॅरेजला गेले. गॅरेज घाईमिस्त्रीचं. हे नाव त्याला गावानं दिलं होतं, कारण घाई म्हणजे काय हे त्याला कुणी अजून समजावून सांगू शकलं नव्हतं. तो गाडीभोवती सावकाश फिरला, पुढची चाकं धरून हलवली, खाली वाकून हं म्हणाला.

"हायवेला चालली पाहिजे," काका म्हणाले. "ऐंशीनं. थरथरता कामा नये. आणि ओरडता कामा नये."

"इंजिनाला काही धाड भरलेली नाही," मिस्त्री म्हणाला. "त्याला मागचा गोळा पळू देत नाही." गोळा म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मध्ये असतो तो. त्याच्या आत दातेरी चाकांची एक जोडी असते आणि इंजिनाच्या किती फेऱ्यांना चाकांनी एक फेरी घ्यायची ते ती जोडी ठरवते. जुन्या काळी गाडीनं ओझं ओढावं, पळू नये, अशा हिशेबानं ती बसवलेली होती. सायकलला मागची चकती लहान टाकली की एका पायडलात जास्त अंतर कापलं जातं, तसंच इथं करायचं. त्याशिवाय जुने जाड टायर काढून रेडियल, पुढे डिस्क ब्रेक, स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश नवे, स्टीअरिंगमधली ढिलाई काढायची. "दोन आठवड्यांत देतो," मिस्त्री म्हणाला. काकांनी मनातल्या मनात दोन महिने धरले.

दीड महिना झाल्यावर काकू सीटचं माप घ्यायला गॅरेजात गेल्या. गाडीला एवढं नवं होतंय तर फाटक्या सीटवर कशाला बसायचं, असा त्यांचा विचार. मिस्त्री गाडीखाली होता. बाहेर फक्त त्याचे पाय होते. त्यानं खालूनच हात बाहेर काढून एक काळपट लोखंडी खुंटी फरशीवर ठेवली. एका अंगाला ती पार खाल्ली गेली होती.

"किंगपिन," पाय म्हणाले. "पुढचं चाक याच्यावर वळतं. ही अशी झिजली की साठाला स्टीअरिंग आपोआप नाचायला लागतं. एवढे दिवस चालवली कशी, काय माहीत."

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांचं लक्ष टेपवर होतं. सीट मधे किती दबते ते त्या बघत होत्या. "आता ऐंशीला नीट जाईल ना?"

"नव्वदलाही जाईल. फक्त काट्याला ते कळणार नाही."

"म्हणजे?"

मिस्त्री बाहेर आला. "काट्याची तार गिअरबॉक्सला जोडलेली. मागचा गोळा बदललाय हे तिला सांगणार कोण? गाडी ऐंशीच्या वर असेल तेव्हाही हा साठच दाखवणार. तारेच्या तोंडाशी एक बारीक चकती असते, ती बदलली की झालं. सांगून ठेवलीय, येईल."

काकूंनी टेप सीटवरच सोडली आणि त्या बशीएवढ्या तबकडीकडे पाहिलं. साठ. म्हणजे त्या माणसाला साठच दिसेल. हायवे, टँकर, ऐंशी, काही नाही. नुसतं साठ, वडिलांनी घालून दिलेलं.

"ती चकती बदलू नका."

"हं?"

"राहू द्या तसंच. आणि काकांना यातलं काही सांगू नका."

"काकू, काट्यानं खोटं सांगणं बरं नव्हे."

"खोटं कुठं सांगतो? जरा कमी सांगतो. तुम्ही नाही का दोन आठवडे म्हणता."

मिस्त्रीनं यावर बराच वेळ विचार केला. "मग काटा साठाच्या फार पुढे जाऊ द्यायचा नाही," तो म्हणाला.

"त्याची चिंता तुम्हाला नको," काकू म्हणाल्या. "तो कधी गेलेलाच नाही."

आता एकच अडचण उरली होती, पानांची. काटा फसला तरी काकांचा आरसा फसणार नव्हता. ऐंशीच्या वाऱ्यात लिंबोणीची पानं पालथी झाली की काकांना एका नजरेत कळलं असतं. म्हणून काकूंनी लिंबोणीला अंगरखा शिवायला घेतला. जुन्या पडद्यांचं जाड कापड, बाजूनं बटणं, खाली पिंपाला बांधायला नाड्या. काट्यांचं झाड, माप घेताना काकूंचे दोन्ही हात ओरबाडून निघाले. वरून तोंड उघडं ठेवलं तर शेंडा दिसणार, आणि बंद केलं तर काका म्हणणार झाडाचा जीव गुदमरेल. त्या अशा विचारात असताना काका मशीनपाशी आले, कापड चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाले, "वरून पण बंद कर. अगदी घट्ट. एक पान दिसता कामा नये."

काकूंना वाटलं, देवच पावला. असा समजूतदार नवरा मिळाला म्हणून त्यांनी त्या संध्याकाळी काकांना न मागता दुसरा चहा केला.

गाडी तयार झाली तेव्हा घ्यायला दोघंही गेले. पिकअप तशीच निळी, तशीच गोल दिव्यांची, फक्त जरा ताठ उभी होती. मिस्त्रीनं स्वतः ती हायवेवर फिरवून आणली होती. "ऐंशीला हात सोडले तरी सरळ जाते," तो म्हणाला. "सोडू नका." मग किल्ली देताना त्यानं एकदा काकांकडे पाहिलं, एकदा काकूंकडे, आणि घसा खाकरला. "ते काट्याचं जरा..."

"काटा छान आहे," काकू म्हणाल्या.

"उत्तम आहे काटा," काका त्याच दमात म्हणाले.

मिस्त्रीनं तोंड मिटलं. काकांना घरी जायची घाई म्हणून ते मधे बोलले, असं काकूंनी धरलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. गाडी गेली तरी मिस्त्री फडक्याला हात पुसत दारातच उभा होता. त्याचे हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

निघायचा दिवस उजाडला. लेकीला फोनवर सांगितलं होतं, येतोय, पण बाबा चालवणार म्हणजे संध्याकाळ होईल. लिंबोणीला अंगरखा घालून हौद्यात चढवली, दोरांनी चारी बाजूंनी आवळली. मागून पाहिलं तर कुणी पाहुणा पांघरूण घेऊन उभा आहे असं वाटे. चढणीच्या रस्त्यानं गाडी हायवेवर आली. काकू काकांच्या हातांकडे बघत होत्या. त्या बघताहेत हे दिसू नये म्हणून त्यांनी डबा मांडीवर घेतला होता आणि तो दोन्ही हातांनी धरला होता. काकाही मधूनमधून त्यांच्या त्या हातांकडे बघत होते.

काटा चाळीस, पन्नास, पंचावन्न. मग साठ. तिथं तो थांबला.

थरथर नाही. खडखड नाही. इंजिन आपल्याशीच गुणगुणल्यासारखं चाललं होतं. कडेचे खांब मात्र बऱ्यापैकी लगबगीनं मागे जात होते.

"ठीक आहे ना?" काका म्हणाले.

"ठीक आहे. तुम्हाला?"

"साठच आहे."

"हो. साठच."

आजवर या गाडीत ओरडल्याशिवाय एकाचं दुसऱ्याला ऐकू गेलं नव्हतं. घरी जे बोलायचं राहून जाई ते दोघं इथं ओरडून बोलत, आणि ओरडायचंच तर थोडक्यात बोलत. आता सगळं ऐकू येत होतं आणि काय बोलावं ते कुणालाच सुचत नव्हतं. समोर एक टँकर आला. काकांनी आरसा बघितला, दिवा दिला, लेन बदलली आणि टँकरला मागे टाकून ते पुन्हा आपल्या लेनमध्ये आले. काकांनी आजवर ओव्हरटेक केल्या होत्या त्या फक्त सायकली, त्यासुद्धा चढावर.

"फारच हळू चालला होता तो," काका म्हणाले.

"म्हातारा असेल ड्रायव्हर," काकू म्हणाल्या.

पुढे रस्त्याच्या कडेला एक खांब होता, त्यावर काळा बोर्ड. येणाऱ्या प्रत्येक गाडीचा वेग त्यावर मोठ्या आकड्यांत उमटत होता. पिकअप जवळ आली. बोर्डावर लिहिलं होतं, तुमचा वेग. त्याखाली लाल दिव्यांत त्र्याऐंशी असा आकडा उमटला. तो वाचता न यायला आंधळं असावं लागलं असतं. दोघांनाही चष्मा होता आणि दोघांनीही तो घातलेला होता.

बोर्ड मागे गेला.

"बिघडलाय," काका म्हणाले.

"असेल," काकू म्हणाल्या. त्यांचं लक्ष काकांच्या पायाकडे गेलं. आता पाय सुटेल, गाडी कडेला जाईल, कलमांना पाणी घालायचं राहिलं असेल. पण काट्याची जागा हलली नाही. थोड्या अंतरावर दुसरा बोर्ड आला. त्याच्यावर चौऱ्याऐंशी.

"हाही," काका म्हणाले.

"एकाच ठिकाणाहून आणले असतील."

"असंच करतात." मग काकांनी काकूंच्या हातांकडे पाहिलं. डब्याच्या झाकणावर ते गच्च आवळलेले होते. काका हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "घाबरू नकोस. बोर्डाचं काही खरं नसतं. काटा बघ. साठच आहे."

काकूंनी मान वळवली. "मी? मी कशाला घाबरू?"

"नाही म्हणजे, तुला हायवेची..."

"मला काही नाही हायवेची. तुम्हाला आहे."

"मला?"

"त्या दिवशी तुमचे हात कापत होते. मी पाहिले ना."

"हात कुठे कापत होते? स्टीअरिंग कापत होतं," काका म्हणाले. "हात त्याला धरून होते."

काकूंच्या डोळ्यांसमोर ती गॅरेजच्या फरशीवर ठेवलेली झिजलेली खुंटी आली. साठाला स्टीअरिंग आपोआप नाचतं. मिस्त्रीनं सांगितलं होतं, चांगलं स्पष्ट सांगितलं होतं, आणि त्या सीटचं माप घेत होत्या.

"घाबरली होतीस तू," काका म्हणाले. "दाराचं हँडल उपटून हातात येईल असं धरलं होतंस. डोळे एवढे मोठे. म्हणून तर मी परत फिरलो. म्हटलं, हिला पुन्हा या रस्त्यावर आणायचं नाही."

"तुमचे हात बघून धरलं होतं मी ते हँडल." काकूंनी तबकडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "काटा खरं दाखवत नाही."

"माहीत आहे."

"मिस्त्री बोलला?"

"चकती बदलायची म्हणत होता. मी म्हटलं, राहू दे, आणि काकूंना कळू देऊ नकोस. साठच दिसलं की बसेल ती निवांत."

"तुम्ही असं सांगितलंय, हे मला म्हणाला नाही तो."

"तुला कशाला म्हणेल?"

"कारण मीपण त्याला तेच सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "तुमच्यासाठी."

पिकअप कुरकुर न करता चालली होती. एक मोटार शेजारून पुढे गेली. मागच्या सीटवरची लहान मुलगी हौद्यातल्या अंगरख्याकडे टक लावून बघत होती.

"म्हणून वरून बंद कर म्हणालात होय," काकू म्हणाल्या.

"इतक्या वर्षांत तुलाही पानं वाचता यायला लागली असतील, असं वाटलं."

काकूंना रडू आलं नाही, राग आला. त्या खुंटीचा आला, नवऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. एका घरात, एका छताखाली, दोन शहाणी माणसं वर्षभर एकमेकांची नसलेली भीती जपत बसली होती. इतकी काळजी घेतली की साधं विचारायचं राहून गेलं. शाळेच्या सभागृहाचे ते न शिवलेले पडदे त्यांना आठवले. आणि मग आतल्या खोलीत दार ओढून ऐकलेला तो उतरलेला आवाज आठवला. आता तो लपवण्यात काही अर्थ नव्हता.

"ती मला फोनवर विचारत होती," काकू म्हणाल्या, "बाबा रागावलेत का माझ्यावर."

"कोण?"

"कोण काय? तुमची लेक. रोपवाटिका बघायला थांबले नाही म्हणून रागावलेत का, म्हणाली. म्हणून येत नाहीत का."

काका समोर रस्त्याकडे बघत होते. या माणसानं वर्षभर रोज सकाळी त्या लिंबोणीचं पान न् पान पुसलं होतं. पोरगी तिकडे काय समजून बसली असेल, हे त्यांच्या मनातही आलेलं नव्हतं. काकूंना एकदम त्यांची फार दया आली. त्यांनी एक हात डब्यावरून काढला आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

इंजिनाचा सूर किंचित वर गेला. काकूंनी तबकडीकडे पाहिलं. काटा साठाच्या रेघेवरून सुटला होता आणि सावकाश, अगदी घाईमिस्त्रीच्या चालीनं, पासष्टाकडे निघाला होता. तिथं तो स्थिर झाला. काकूंनी हँडल धरलं नाही. काकाही काट्याकडे बघत नव्हते.

लेकीच्या दाराशी पोचले तेव्हा जेवणाची वेळही झाली नव्हती, आणि दाराला कुलूप होतं. संध्याकाळी येणार म्हटल्यावर ती कशाला घरी थांबेल? शेजारणीनं सांगितलं, तुमच्यासाठीच सामान आणायला गेलीय. फोन लावला तर तो आत, बंद दारामागे वाजला. मग काकांनी हौद्याची मागची फळी खाली केली आणि दोघं तिच्यावर पाय सोडून बसले. काकूंनी डबा उघडला, पण कुणी खाल्लं नाही. काका उठून लिंबोणीच्या अंगरख्याची बटणं एकेक काढायला लागले. कापड खाली आलं. एक पान तुटलेलं नव्हतं. काकांनी तरी ती सगळी तपासली, वरपासून खालपर्यंत, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

मग कोपऱ्यावरून लेक आली, दोन्ही हातांत पिशव्या. पिकअप दिसली तशी ती जागीच थांबली. तिनं आधी गाडी पाहिली, मग झाड, मग बाप. पिशव्या तिनं खाली ठेवल्या नाहीत.

"बाबा?" ती म्हणाली. "एवढ्या लवकर कसे आलात?"

काका फळीवरून खाली उतरले. त्यांच्या बोटांना लिंबाच्या पानांचा वास येत होता, आणि ते बापाचे हात आता खरंच कापत होते.

"लवकर कुठं गं," ते म्हणाले. "वर्ष उशीर झालाय."